बागेतला कवी, भिंतीतली पोथी

आयर्लंडच्या दक्षिणेकडे, वॉटरफर्ड परगण्यात, ब्लॅकवॉटर नदीच्या काठी लिस्मोर नावाचे एक लहानसे गाव आहे. नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर उभे राहिले की समोरच्या कड्यावर, दाट झाडीच्या वर, लिस्मोरचा कॅसल दिसतो. (कॅसलला मराठीत किल्ला म्हणावे तर राजगड-रायगडाचे चित्र उभे राहते, वाडा म्हणावे तर तटबंदी निसटते. जमीनदाराचे घर आणि लष्करी ठाणे यांची सांगड असलेली 'गढी' हाच त्यातल्या त्यात जवळचा शब्द, आणि पुढे मी तोच वापरणार आहे.) ही गढी मूळची राजपुत्र जॉनने ११८५ साली उभारलेली. त्याआधी सातव्या शतकापासून येथे संत मोखुदाने स्थापलेला मठ होता. पुढे गढी बिशपांकडे, त्यांच्याकडून सर वॉल्टर रॅले याच्याकडे, मग रिचर्ड बॉइलकडे आणि अठराव्या शतकात विवाहसंबंधाने डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याकडे गेली. आज दिसते ते रूप बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन याने सहाव्या ड्यूकसाठी ते घडवले. गढी आजही त्या घराण्याचे खासगी निवासस्थान असल्याने प्रवाशाला आत जाता येत नाही. त्याला मिळते ती बाग, आणि बागेतून दिसणाऱ्या बाहेरच्या भिंती.

मी गेलो तो एप्रिलचा दुसरा पंधरवडा होता. खालच्या बागेत मॅग्नोलिया आणि कॅमेलिया फुलले होते. वरची बाग तटाने वेढलेली, टप्प्याटप्प्याने चढत जाणारी आहे. फळझाडे, भाज्यांचे वाफे, फुलांचे ताटवे, आणि वरून पाहिले की गावातल्या कॅथीड्रलचा निमुळता मनोरा. सौंदर्याबद्दल संशय घेण्याची सवय लागलेल्या समीक्षकांपैकी मी एक असलो तरी त्या दुपारी मी निःसंशय सुखी होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचे सगळे त्या सुखाविषयीच आहे.

खालच्या बागेत यू वृक्षांची एक प्राचीन दुतर्फा रांग आहे. वर फांद्या एकमेकींत गुंतल्याने भर दुपारीही तिथे संध्याकाळ असते. या वाटेवर एडमंड स्पेन्सरने 'द फेअरी क्वीन' या महाकाव्याचा काही भाग रचला, असे म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही आख्यायिका जागच्या जागी खिळवून ठेवते. मीही खिळलो. मात्र ती सबंध 'असे म्हणतात' या दोन शब्दांवर उभी आहे. स्पेन्सरचे घर येथून पश्चिमेला, कॉर्क परगण्यात, किलकोलमन येथे होते; त्याच्या महाकाव्याचे पहिले तीन खंड १५९० साली प्रसिद्ध झाले; रॅलेला लिस्मोर मिळाले ते १५८९मध्ये; वरची तटबंद बाग बॉइलने आखली ती १६०५च्या सुमारास; आणि स्पेन्सर लंडनमध्ये वारला १५९९ साली. रॅले आणि स्पेन्सर यांचा स्नेह मात्र खरा. १५८९ सालीच रॅले किलकोलमनला आला, त्याने काव्य ऐकले आणि कवीला राणीच्या दरबारात नेले. एवढ्या धाग्यावरून आख्यायिकेने यूंची वाट विणली असावी.

आख्यायिका खोटी असली म्हणून काही बिघडत नाही. आपल्याकडेही प्रत्येक डोहाशी एखादा संतकवी बसलेला असतो. बिघडते ते ती काय झाकते म्हणून. स्पेन्सर या भूमीत सृष्टिसौंदर्य शोधायला आलेला नव्हता. १५८० साली तो लॉर्ड ग्रे याचा चिटणीस म्हणून आयर्लंडला आला. त्याच वर्षी स्मेरिक येथे शरण आलेल्या सुमारे सहाशे जणांची ग्रेच्या सैन्याने कत्तल केली. त्या सैन्यात कप्तान रॅले होता. डेझमंडच्या अर्लचे बंड मोडले, मन्स्टर प्रांत दुष्काळाने उजाड झाला आणि जप्त झालेल्या जमिनी इंग्रज वसाहतकारांना वाटण्यात आल्या. रॅलेच्या वाट्याला सुमारे बेचाळीस हजार एकर आले, स्पेन्सरला सुमारे तीन हजार. रॅलेने आपली सारी मालमत्ता १६०२ साली बॉइलला विकली, अवघ्या पंधराशे पौंडांना. हा बॉइल १५८८ साली जेमतेम सत्तावीस पौंड खिशात घेऊन डब्लिनला उतरलेला होता. पुढे तो कॉर्कचा अर्ल झाला. मी ज्या बागेत सुखी होतो ती या हिशेबातून उगवलेली.

याच कवीने १५९६च्या सुमारास गद्यात एक संवाद लिहिला: 'अ व्ह्यू ऑफ द प्रेझेंट स्टेट ऑफ आयर्लंड'. तो छापला गेला १६३३ साली, कवीच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. मन्स्टरच्या दुष्काळात रानातून हातांवर रांगत बाहेर येणाऱ्या, प्रेतवत झालेल्या माणसांचे त्यातले वर्णन अंगावर काटा आणते. त्याहून काटा येतो तो या गोष्टीने, की वर्णन करणारे पात्र त्यावरून ही पद्धत परिणामकारक ठरते असा निष्कर्ष काढते. त्याच संवादात आयरिश भाटांविरुद्ध तक्रार आहे की ते बंडखोरांचे पोवाडे गातात. पण तिथेच एक कबुलीही आहे: त्या भाटांच्या काही रचना भाषांतर करवून ऐकल्या आणि त्यांत कल्पकता व गोडवा आढळला. इंग्रजांची मुले आयरिश दायांकडे देऊ नयेत, कारण दुधाबरोबर भाषाही अंगात उतरते, अशीही चिंता तो व्यक्त करतो. शत्रूच्या भाषेत काव्य आहे हे ओळखण्याइतका हा माणूस कवी होता, आणि तरीही ते काव्य गाणाऱ्यांचा बंदोबस्त करावा असे सुचवण्याइतका अधिकारी होता. या वाक्याचे दोन्ही भाग एकाच वेळी शिकवता आले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी स्वतः विद्यार्थी असताना ते कोणी शिकवले नाही. दुसऱ्या खंडाचा बारावा सर्ग आम्हांला नेमलेला होता. त्यात संयमाचा पुतळा असलेला सर गायन सुखोपभोगाच्या मायावी उद्यानात शिरतो आणि ते निर्दयपणे उद्ध्वस्त करतो. आमच्या वर्गात हा नीती विरुद्ध मोह असा प्रश्न होता. उत्तरपत्रिकेत दहा गुणांचा. त्या उद्ध्वस्तीकरणाच्या आवेशाला आयर्लंडचा संदर्भ असू शकतो, हे स्टीफन ग्रीनब्लाट यांनी १९८० सालीच 'रेनेसाँ सेल्फ-फॅशनिंग'मध्ये मांडले होते. त्याही आधी, १९३६ साली, बेलफास्टमध्ये जन्मलेल्या सी. एस. लुईस यांनी आयर्लंडमधल्या दुष्ट धोरणात सामील झाल्याने स्पेन्सरची प्रतिभा गढूळ झाली असे म्हटले होते. लुईस हे स्पेन्सरचे निस्सीम चाहते, हे लक्षात घेतले म्हणजे या मताचे वजन कळते. आमच्या वर्गापर्यंत यांतले काहीच पोचले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कवितेला कवीच्या नोकरीचा हिशेब का मागायचा? आक्षेप पोकळ नाही. प्रत्येक राक्षसाच्या मुखवट्याखाली आयरिश माणूस शोधत बसणाऱ्या वाचनाचा मलाही कंटाळा येतो. त्याने कविता संपते आणि आरोपपत्र उरते. पण लिस्मोरला गेल्यावर मला या वादातली गफलत दिसली. आपण कविता आणि कवीचे राजकारण हे दोनच पक्ष धरून चालतो. दोन्ही स्पेन्सरचेच. तिसरा पक्ष, म्हणजे ज्यांच्याविषयी हे चालले आहे त्यांचे वाङ्मय, आपल्या वर्गात येतच नाही. आणि गंमत अशी, की ते वाङ्मय याच गढीच्या भिंतीत होते.

१८१४ साली सहाव्या ड्यूकच्या काळात डागडुजी चालू असताना कामगारांना भिंतीत चिणलेल्या जागी दोन वस्तू सापडल्या. एक बाराव्या शतकातला बिशपचा दंड, जो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरी चामड्याच्या पानांची एक मोठी आयरिश पोथी. तिलाच आता 'बुक ऑफ लिस्मोर' म्हणतात. नाव फसवे आहे. पोथी लिस्मोरची नव्हेच. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनीन मॅक कार्थी रिआ या आयरिश सरदारासाठी आणि त्याच्या पत्नीसाठी ती लिहिली गेली. १६२९ साली मिहॉल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन अभ्यासकाने टिमोलीगच्या मठात तिच्यातून उतारे नकलून घेतले. १६४२च्या युद्धात रिचर्ड बॉइलचा मुलगा लुई याने मॅक कार्थींची किलब्रिटनची गढी घेतली आणि तिथे मिळालेली पोथी वडिलांकडे धाडली. त्याच वर्षी तो लढाईत मारला गेला. पोथी कधीतरी भिंतीत गेली. लपवण्यासाठी की वाचवण्यासाठी, हे भिंत सांगत नाही. सापडल्यावरही तिचे हाल संपले नाहीत. ती कॉर्कमधल्या एका अभ्यासकाला उसनी दिली असताना तिची काही पाने तिथेच राहिली, आणि परत यायला कित्येक वर्षे गेली.

आज तिची १९८ पाने उरली आहेत. पॅट्रिक, ब्रिजिट, कोलमकिले आदी संतांची चरित्रे तिच्यात आहेत. शार्लमेनचा इतिहास आहे. आणि मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाचे आयरिश भाषांतर आहे. क्षणभर येथे थांबावे. स्पेन्सर ज्यांना जंगली ठरवतो त्यांतल्या एका घरात, त्याच्या आगमनाच्या शंभर वर्षे आधी, कुब्लाई खानाच्या दरबाराची आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याची वर्णने त्यांच्या स्वतःच्या भाषेत वाचली जात होती. 'व्ह्यू'मधल्या आयर्लंडला या एका नोंदीने जेवढा तडा जातो तेवढा दहा उत्तरवसाहतवादी निबंधांनी जात नाही.

पोथीचा सुटसुटीत नायक-खलनायक कथेत मात्र उपयोग होत नाही. तिच्यातली संतचरित्रे १८९० साली ऑक्सफर्डहून संपादून प्रसिद्ध करणारे व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे, आणि आयुष्यातली वीस वर्षे हिंदुस्थानात घालवलेले ब्रिटिश अधिकारी. ते व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधिसदस्य होते. आपल्या दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीच्या १८८२च्या संहितांवर त्यांचा हात फिरलेला आहे. मध्ययुगीन आयरिश संतचरित्रांचे त्यांचे आधीचे एक पुस्तक १८७७ साली छापले गेले ते कलकत्त्यात. बॉइल घराण्याचेही तसेच. रिचर्डचा धाकटा मुलगा रॉबर्ट, वायूंच्या नियमामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला शास्त्रज्ञ, याच गढीत १६२७ साली जन्मला. त्याला तान्हेपणी गावाकडच्या दाईकडे ठेवले होते, म्हणजे स्पेन्सरला नको होते तेच घडले. पुढे त्याने आयरिश भाषेतले बायबल स्वखर्चाने छापवले: नवा करार १६८१ साली, जुना १६८५ साली. हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे. छापलेला मजकूर आयरिशच होता, हेही खरे.

लुटणाऱ्याच्या घरात जतन झाले म्हणून लुटणाऱ्याचे आभार मानावेत का? मला तसे वाटत नाही. २०२० साली डेव्हनशरच्या ड्यूकनी, म्हणजे चॅट्सवर्थच्या विश्वस्तांनी, ही पोथी कॉर्कच्या विद्यापीठाला दिली. या प्रसंगासाठी बहुतेक ठिकाणी 'दान' हा शब्द वापरला गेला. व्यवहारात तो चुकीचा नाही. कोणी मागितल्यावाचून आणि मोबदल्यावाचून दिले गेले तर त्याला दुसरे काय म्हणणार? पण १६४२ साली किलब्रिटनहून निघालेली वस्तू ३७८ वर्षांनी त्याच परगण्यात पोचते तेव्हा 'परत आली' हे क्रियापद आपल्या लेखणीला सुचायला हरकत नसावी. कृतज्ञता आणि हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत.

पोथीतला एक भाग मात्र मला त्या यूंच्या वाटेवरच आठवला. 'अॅकलम ना सेनोरख', म्हणजे वृद्धांचा संवाद. फिन मॅक कूलचे जुने योद्धे संपले आहेत. कील्ते आणि मोजके सोबती तेवढे उरले आहेत. त्यांची गाठ संत पॅट्रिकशी पडते आणि ते त्याच्याबरोबर देश हिंडतात. प्रत्येक टेकडीपाशी, झऱ्यापाशी, उंबरठ्यापाशी पॅट्रिक विचारतो, हे नाव का पडले? आणि कील्ते सांगतो. मराठी वाचकाला येथे महानुभावांची 'स्थानपोथी' आठवल्यावाचून राहणार नाही. जागा म्हणजे आठवण हा विश्वास दोहोंत सारखा आहे. पॅट्रिकला मध्येच शंका येते, या जुन्या गोष्टींत रमून आपल्या प्रार्थनेत तर खंड पडत नाही ना? तेव्हा त्याचे रक्षक देवदूत येऊन त्याला सांगतात की ऐक, आणि लिहवून घे.

नवा धर्म घेऊन आलेला माणूस जुन्या पिढीला जागांची नावे विचारतो आणि लिहून घेतो. नवी सत्ता घेऊन आलेला कवी भाटांची गाणी भाषांतर करवून ऐकतो आणि बंदोबस्ताची शिफारस करतो. या दोन ऐकण्यांतला फरक वर्गात मांडायला फार साधनसामग्री लागत नाही. 'अॅकलम'चे अॅन डूली आणि हॅरी रो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९९ सालापासून उपलब्ध आहे. नेमलेल्या बाराव्या सर्गाबरोबर त्यातली पहिली वीस पाने आणि 'व्ह्यू'मधला भाटांवरचा उतारा, एवढे पुरे. अभ्यासमंडळाच्या संमतीचीही गरज नाही. तीन तासिका लागतील. नीती विरुद्ध मोह हा दहा गुणांचा प्रश्न त्यानंतरही विचारता येईल. मला फक्त त्याची उत्तरे वाचायची उत्सुकता आहे.

बागेतून निघताना मी तटाच्या कडेकडेने मुद्दाम सावकाश चाललो. पोथी नेमकी कुठे सापडली असेल याचा बाहेरून अंदाज येत नाही. दगड सगळीकडे सारखाच आहे, आणि त्या आठवड्यात त्याला चिकटून वाढवलेल्या फळझाडांना नुकता मोहर धरला होता.