लहरीपुऱ्यातील ‘ऱ’

मुक्त आज्ञावलीसाठी मी पंधरा वर्षे संकेत लिहिले. माहितीपुस्तिका हे दुय्यम काम समजून इतरांवर सोडले. मूळ संकेत खुला झाला की स्वातंत्र्य आले, अशी समजूत! बडोद्यातील एका वयोवृद्ध लेखनिकांनी ती मोडली. ‘लहरीपुऱ्यात’ लिहू जाता त्यांच्या पडद्यावर ‘लहरीपुर्यात’च उमटे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘य’ आणि काना: सोय होतीच, हाताशी मराठी पान नव्हते.

याच नगरात १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जरांनी धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. सीमेपलीकडचे आपण मराठी पाट्यांसाठी भांडतो (भांडावेच), पण मराठी पुस्तिका मागतही नाही, लिहीतही नाही. संकेतातील चूक जगातला कोणीही सुधारील. हे पान आपल्यावाचून कोण लिहिणार? हल्ली मी संकेत कमी लिहितो. पुस्तिकेचे पहिले प्रकरण ‘ऱ’वर आहे.