दारीं येणारें पुडकें

बाजार आतां घरांत आला आहे. मोबाईलवर बोट टेकावें आणि चार दिवसांनीं दारीं पुडकें यावें, ही सोय गुडघे दुखणाऱ्या वृद्धांस व नोकरी करणाऱ्या सुनांस किती उपयोगी पडते, हें आम्ही प्रत्यक्ष पाहत आहों. तेव्हां या प्रथेस नांवें ठेवण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एकत्र कुटुंबांत हा व्यवहार ज्या रीतीनें चालतो तींत एक छिद्र आहे, आणि तें लबाडांस आपल्यापेक्षां अधिक चांगलें ठाऊक आहे.

पूर्वीं वाण्याकडून जिन्नस आणणारा, तो पारखून घेणारा व पैसे मोजणारा बहुधा एकच मनुष्य असे. आतां वस्तु मागवते सून, ती कचेरींत असतां पुडकें घेतात सासरे, आणि पैसे जातात मुलाच्या खात्यांतून. तिघांपैकीं कोणासही सगळा व्यवहार ठाऊक नसतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं भर दुपारीं एक इसम आला. पुडक्यावर सुनेचें पूर्ण नांव, पत्ता, मोबाईलचा क्रमांक, सर्व बरोबर. 'सहाशें नव्याण्णव रुपये द्यावयाचे आहेत' म्हणाला. आजोबांनीं फडताळांतून काढून दिले. संध्याकाळीं पुडकें सोडून पाहतात तों आंत एक जुनेरें! घरांत कोणीं कांहींच मागविलेलें नव्हतें. नांव व पत्ता बरोबर असणें हा आतां खरेपणाचा पुरावा राहिलेला नाहीं. ती माहिती आपण दहा ठिकाणीं आपल्याच हातानें लिहून देत असतों.

यावर आम्हांस सुचतो तो उपाय अगदीं साधा आहे. दाराजवळच्या खुंटीला एक वही टांगावी. कोणीं काय मागविलें, कोणत्या दुकानांतून, किती रुपयांस, व पैसे दिलेले आहेत कीं द्यावयाचे आहेत, एवढें तींत ज्यानें त्यानें लिहावें. ज्याची नोंद वहींत नाहीं, त्या पुडक्यास मागविणाराशीं फोनवर बोलल्याखेरीज पैसा देऊं नये. पोंचविणारा कितीही घाई करो. मौल्यवान वस्तु असेल तर ती उघडतांना मुलाकडून मोबाईलवर चित्रण करून ठेवावें. पुढें तक्रारीच्या वेळीं तें कामास येतें.

कांहीं दुकानें माल हातीं देतांना मोबाईलवर आलेला आंकडा, म्हणजे ओटीपी, विचारतात. तें रीतसर आहे. परंतु 'आपली मागणी रद्द करावयाची आहे, आंकडा सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. आंकडा कशासाठीं आहे हें बहुधा त्या संदेशांतच लिहिलेलें असतें. तो संदेश शेवटपर्यंत वाचावा, निदान घरांतील शाळकरी नातवाकडून वाचून घ्यावा. तसेंच यूपीआयचा पिन. पैसे देण्यास तो लागतो, घेण्यास कधींच लागत नाहीं. 'परतावा पाठवितों, पिन टाका' असें सांगणारा पाठवीत नसून नेत असतो. परताव्यासाठीं दुकानाचा क्रमांक मोबाईलवर कोठेंही शोधूं नये. तेथें ठकांनीं आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. ज्या ॲपवरून वस्तु मागविली, त्यांतील मदतीच्या पानावरूनच विचारपूस करावी.

आतां खऱ्या व खोट्या दुकानाची पारख. येथें आम्हांस आमचें जुनें व्याकरण उपयोगी पडलें. तत्पुरुष समासांत उत्तरपद प्रधान असतें. 'राजपुरुष' म्हणजे पुरुष, राजा नव्हे. संकेतस्थळाच्या पत्त्याचेंही तसेंच आहे. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' या शेंपटीच्या लगेच आधीं जें पद येतें तोच दुकानाचा धनी; त्याच्याही आधीं टिंब देऊन जें लिहिलेलें असेल तें केवळ विशेषण. 'प्रसिद्धपेढी डॉट महाविक्री डॉट कॉम' हें दुकान महाविक्रीचें आहे, प्रसिद्ध पेढीचें नव्हे. पत्त्याशेजारीं कुलुपाचें चित्र दिसलें म्हणजे दुकान सचोटीचें, ही समजूतही चुकीची आहे. आपलें व दुकानाचें बोलणें वाटेंत तिसऱ्यास वाचतां येत नाहीं एवढाच त्याचा अर्थ; बोलणारा चोर असल्यास कुलूप काय करणार?

लग्नसराईंत आमच्या भगिनींस हजार-बाराशें रुपयांत 'अस्सल येवल्याची पैठणी' अशा जाहिराती दिसतात. रेशीम, जर व विणकराचे कित्येक दिवसांचे श्रम यांचा हिशेब मनांत केला तरी ही किंमत अशक्य आहे हें कळतें. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी दोन्हीं बाजूंनीं सारखीच दिसते, पाठीमागें सुटे धागे लोंबत नाहींत. म्हणून पदराच्या उलट्या बाजूचें छायाचित्र मागावें. तें न देणाऱ्यास पैसे आधीं पाठवूं नयेत. 'शेवटचे दोन नग, दहा मिनिटें उरलीं' या खोट्या घाईस कायद्यांतही नांव मिळालें आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकास फसविण्याच्या अशा तेरा युक्त्या निषिद्ध ठरविल्या. न विचारतां टोपलींत एखादी वस्तु सरकविणें ही त्यांतलीच एक.

वस्तु सदोष, बनावट किंवा वर्णनाहून वेगळी निघाल्यास ती परत घेण्याचें विक्रेत्यानें नाकारूं नये, असें २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत आहे. तक्रार पोंचल्याचें उत्तर ४८ तासांत व निवारण एका महिन्यांत व्हावें असेंही त्यांत सांगितलें आहे. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या कायद्यान्वयें ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागतां येते. दुकान दिल्लीस असलें म्हणून दिल्लीस खेटे घालावे लागत नाहींत.

हें सर्व करूनही कोणी फसतोच. तेव्हां घरांत काय होतें तें आम्हीं पाहिलेलें आहे. पेन्शनचे पैसे गेलेले आजोबा दोन दिवस कोणास सांगत नाहींत. सांगितलें कीं मुलगा म्हणणार, 'तुम्हांला कोणीं सांगितलें होतें मोबाईलला हात लावायला?' सुनेचें गेलें तर ती सासूपासून लपविते. आणि याच दोन दिवसांत पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पांचव्यांत जाऊन नाहींसा होतो. पहिल्या तास-दोन तासांत १९३० या क्रमांकावर कळविलें व बँकेसही वर्दी दिली, तर रक्कम वाटेंतच गोठविली जाण्याचा संभव पुष्कळ असतो. म्हणून कर्त्या पुरुषांनीं घरांत सर्वांसमक्ष आधींच सांगून ठेवावें कीं, फसल्याबद्दल या घरांत कोणास बोल लावला जाणार नाहीं. खुंटीवरल्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा आंकडा मोठ्या अक्षरांत लिहावा. चष्म्यावांचूनही वाचतां येईल एवढा मोठा.