हुमनाबादच्या स्टँडवर भरलेली उसण

मागच्या महिन्यात हे सदर आलं नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, ‘रिलीज होतं का?’ रिलीज नव्हतं. मी बसवकल्याणजवळच्या एका गावात, मित्राच्या घरी, छताचे पत्रे मोजत पडलो होतो. एकूण अठरा आहेत.

हा मित्र माझा बीईचा जोडीदार. कलबुर्गीला (तेव्हा गुलबर्गा) चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली आणि नोकरीसाठी बंगळूरलाही बरोबरच गेलो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तसा तो नोकरी सोडून गावी परतला. गेल्या हिवाळ्यात वडील गेले. तेव्हा मी गेलो नाही. तेराव्यालाही नाही. फोन केला, ‘काळजी घे’ असा मेसेज टाकला आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. तो पुढचा महिना यायला पाच महिने लागले.

बंगळूरहून कलबुर्गी सहाशे किलोमीटरच्या आसपास. रात्रभर बसमध्ये बसून गेलो. तिथून हुमनाबादला २०१७ पासून रेल्वे आहे, पण गाडीची वेळ जुळेना, म्हणून पुन्हा बस. वाटेत कमलापूरला तिथली प्रसिद्ध लाल केळी घेतली, दोन डझन. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात कपड्यांची बॅग, त्यात काकूंसाठी साडी आणि वर ही केळी.

हुमनाबादला उतरायची घाई झाली. सीटखाली सरकलेली बॅग मी बसल्या बसल्याच वाकून, कंबरेतून वळून, एका हाताने ओढली. पाठीत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. कसाबसा खाली उतरलो आणि बॅग टेकवायला वाकलो, तो वर येताच येईना. हुमनाबादच्या स्टँडवर सकाळी दहा वाजता मी काटकोनात उभा, आणि केळी फलाटावर.

माणसं जमली. कंडक्टर म्हणाला, “सोंट हिडदद.” रिक्षावाला दखनीत म्हणाला, “कमर पकड ली भाई की.” माणिकनगरला माणिकप्रभूंचं दर्शन घेऊन परत निघालेली एक आजी म्हणाली, “कंबर धरली लेकराची, उसण भरली.” त्या अवस्थेतही माझ्या लक्षात आलं की तिन्ही भाषांत कंबर ‘धरली’च जाते. आपल्या या भागात भाषेवरून कितीही वाद घाला, कळ एकच आहे.

मग आजींनी उपचार सुरू केला. “पायाळू कोन हाय का रे इथं?” ज्यांना माहीत नसेल त्या तरुण वाचकांसाठी सांगतो: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याने पाठीत लाथ मारली की उसण उतरते, असा समज आहे. दोन मिनिटांत उसाच्या रसाच्या गाड्यावरचा एक धडधाकट मुलगा हजर झाला. खरं सांगतो, मी बीई असूनही तयार झालो होतो. त्या क्षणी कुणी कुऱ्हाड आणली असती तरी मी पाठ पुढे केली असती. तेवढ्यात मित्राचा फोन आला. रिक्षावाल्याने तो माझ्या कानाला लावला. मित्र म्हणाला, “कुणालाही लाथ मारू देऊ नकोस. हललास तरी चालेल, पण थांब. मी येतो.”

तो शेजाऱ्याची जीप घेऊन आला. तोवर आजी आपली बस सोडून माझ्याजवळ बसून राहिल्या. त्यांना केळी दिली, तर त्यांनी दोनच घेतली.

डॉक्टरांनी आधी पुष्कळ विचारलं. पडलास का? ताप आहे का? लघवीला होते का? मांड्यांच्या मधल्या भागात बधिर वाटतं का? मग उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला आणि पायाचा अंगठा त्यांच्या हाताविरुद्ध वर ओढायला लावला. पायात ताकद होती, बधिरपणा नव्हता. म्हणाले, “स्नायू आखडलेत. आता एमआरआय नको.” मी म्हणालो, “किती दिवस झोपून राहू?” ते म्हणाले, “झोपून राहायचं नाही. दुखेल, पण थोडं थोडं चालायचं.”

मला ते पटेना. आपल्याकडे कंबर धरली की आठवडाभर फळीवर झोपवतात. नंतर वाचलं तेव्हा कळलं, १९८६ मध्ये अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला होता. काही रुग्णांना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बरे होण्यात फरक पडला नाही, उलट दोन दिवसवाले कामावर लवकर गेले. जास्त पडून राहिलं की स्नायू आणखी आखडतात. जगात २०२० साली सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. बहुतेकांची अचानक धरलेली कंबर काही आठवड्यांत सुटते.

पण चालायचं म्हणजे आधी उठायचं. आणि उठण्याआधीचा प्रश्न शौचाचा. मित्राच्या घरी भारतीय पद्धतीचं संडास. उकिडवं बसणं मला शक्यच नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा पीत नव्हतो. मित्राच्या ते लक्षात आलं. तो काही न बोलता मागच्या खोलीत गेला आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. बैठकीला मधोमध गोल कापलेलं, कड लागू नये म्हणून भोवती सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

“बाबांसाठी केली होती,” तो म्हणाला. “पहिली मोडली. ही दुसरी.”

मला धरून नेताना त्याने हात कुठे घालायचा, स्वतःचे पाय किती फाकवायचे, वजन कुठे घ्यायचं, हे एकदाही विचारलं नाही. त्याच्या हातांना ते पाठ होतं. रात्री कूस बदलताना मी कण्हलो, तर दिवा न लावता उठला आणि गुडघ्यांखाली उशी सरकवून गेला. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, तीन वर्षं तो रात्री दर दोन तासांनी उठायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. “एकबी जखम होऊ दिली नाही त्यानं,” काकू म्हणाल्या.

‘काळजी घे’ हा मेसेज मी त्याला किती वेळा पाठवला होता, ते फोनमध्ये शोधलं. सत्तावीस वेळा.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बाबांची काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. बसवण्णांचा १०८ फुटी पुतळा, किल्ला, सगळं दाखवायचं त्याने ठरवलं होतं, ते राहिलंच. अंगणातल्या बाजेवर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी खाताना मी त्याला म्हणालो, “तेव्हा यायला हवं होतं मी.” तो म्हणाला, “हो, हवं होतं.” मला वाटलं होतं, तो ‘जाऊ दे रे’ म्हणेल. तो म्हणाला नाही, आणि त्यानंतरच आम्ही दोघं नीट बोलू लागलो. बाबांबद्दल, त्याने सोडलेल्या नोकरीबद्दल, मी न विचारलेल्या पुष्कळ गोष्टींबद्दल. सहाव्या दिवशी मी निघालो.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. लांब प्रवासात तासा-दीडतासाने उठा. खूप वेळ बसल्यावर लगेच सामान उचलू नका. आधी दोन मिनिटं उभे राहा. ओझं गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून उचला. उचलताना कंबरेतून वळू नका. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पडल्यावर किंवा तापाबरोबर दुखायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवायला उशीर नको. आणि पायाळू कितीही प्रेमळ असला तरी त्याला रसाच्या गाड्यावरच राहू द्या.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा जातोय. त्यांच्या न्हाणीघराशेजारी कमोड बसवायचा आहे. काकूंचेही गुडघे दुखतात, आणि माप मी तिथे असतानाच घेऊन ठेवलंय. या खेपेला बॅग एकच, तीही हलकी. केळी मात्र घेणार.