पेटी मजबूत, हक्क कच्चा

दागिने, पैसा, कागदपत्रे यांच्यासाठी प्रत्येक घरात एखादी बंद जागा असतेच. चीनमध्ये मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात (1368 ते 1912) त्यासाठी एक देखणी पेटी असे. तिला ‘ग्वानफीश्यांग’ म्हणतात. उत्तम पेट्या ह्वांगह्वाली लाकडाच्या. हैनान बेटावर मिळणारे हे लाकूड आपल्या शिसवाच्याच कुळातले.

या पेटीची रचना पाहून आम्ही थक्क झालो. वर झाकण, त्याखाली उथळ कप्पा, समोर दोन दारे आणि दारांआड लहान खण. झाकण लावले की त्याची कड दारांना वरून अडवते. झाकण उघडल्याशिवाय दारे उघडत नाहीत आणि दारे उघडल्याशिवाय खण बाहेर येत नाहीत. एका कुलपात सारा ऐवज सुरक्षित!

पण चोरापासून सुरक्षित, एवढेच. माहेराहून आणलेला ऐवज त्या काळी बाई सहसा स्वतःच्या ताब्यात ठेवी. तीच बाई विधवा झाली आणि तिने दुसरे लग्न केले, तर मिंग-छिंग कायद्याप्रमाणे त्या ऐवजाचे काय करायचे हे पहिल्या नवऱ्याच्या घरचे ठरवीत. पेटी तिची, किल्ली तिची, पण हक्क दुसऱ्याचा!

भगिनींनो, म्हणूनच आम्हाला वाटते, लेकी-सुनांना कपाट घेऊन देताना आणखी एक गोष्ट करावी. त्यात ठेवलेले काय काय त्यांचे आहे, ते घरातल्या सर्वांसमोर कागदावर लिहून ठेवावे.