नावं ठेवायला हुशार, नाव द्यायला आळशी

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी दिली होती, तिचं मथळ्यासकट अर्धं चुकलं होतं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो.

फाटा ते एसटी स्टँड हा आपला ४.२ किलोमीटरचा रस्ता. रुंदीकरण झालं, डांबर पडलं, लोक खूश झाले. टेकडीखालच्या वस्तीसाठी ६५० मीटर आरसीसी गटार मंजूर होतं. ते झालंही. पण झालं कुठं, तर फाट्याजवळ, शेतात, उताराच्या बाजूला. तिथे एकही घर नाही. आणि टेकडीचं पाणी जुलैमध्ये वस्तीतल्या घरात शिरलं. एका माऊलीचं शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं, धान्याची पोती, सगळं भिजलं. मी रात्री जाऊन फोटो काढले आणि सकाळी बातमी टाकली: 'गटार वस्तीऐवजी शेतात, कुणाच्या फायद्यासाठी?' शेत कुणाचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नाव न घेता मी बोट दाखवलं होतं. तीनशेच्या वर शेअर झाले.

आठवड्यानं ते शेतकरी बाजारात भेटले. वयानं मोठे आहेत, आम्ही तात्याच म्हणतो. म्हणाले, "पत्रकार, गटारानं माझा ट्रॅक्टर शेतात उतरायचा बंद झाला. फायदा कसला ते तरी सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत ठेकेदाराच्या साइटवरच्या डिप्लोमावाल्या पोराला 'मोजता येत नाही' म्हणून घरी पाठवलं होतं. प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

मग मी जरा खोलात गेलो. कागद मिळाले, दोन प्रिंट मिळाल्या, आणि ओळखीतल्या एका रोड डिझाइनवाल्या मित्रासमोर त्या टेबलावर पसरल्या. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

हे नीट समजून घ्या, कारण असला घोळ आपल्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर होऊ शकतो. रस्त्याची लांबी मोजताना एका टोकाला शून्य धरतात आणि तिथून साखळी क्रमांक सुरू होतो. टेंडर नोटिशीत 'सा.क्र. २/९०० ते ३/५५०' असं छापतात ते हेच. डावी बाजू, उजवी बाजू ही पण साखळी वाढत जाते त्या दिशेला तोंड करून ठरते. सर्व्हेवाले हायवेकडून आले म्हणून डिझाइनवाल्यांनी फाट्याला शून्य धरलं. त्यांच्या हिशोबानं गटार २/९०० ते ३/५५०, डाव्या बाजूला, म्हणजे टेकडीकडे. अगदी बरोबर. पण खात्याच्या दप्तरी आणि किलोमीटरच्या दगडांवर शून्य आहे स्टँडला. कुणीतरी ते दाखवून दिलं, म्हणून डिझाइन उलटं केलं. सॉफ्टवेअरमध्ये रस्त्याच्या मध्यरेषेची दिशा फिरवायची सोय असते. नकाशा नव्या दिशेचा झाला. गटाराचा तक्ता मात्र जुन्या दिशेचाच राहिला. पोरानं नकाशाप्रमाणे स्टँडकडून मोजलं, तक्त्याप्रमाणे २/९०० ला चुना टाकला आणि डावी बाजू धरली. गणित करून बघा. स्टँडकडून मोजलं तर वस्तीचा तुकडा येतो ०/६५० ते १/३००, उजवीकडे. त्यानं गटार बांधलं ते फाट्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि विरुद्ध बाजूला. म्हणजे त्याची मोजणी मिलिमीटरला बरोबर होती. हातातले दोन कागद एकमेकांचे नव्हते, एवढंच.

आता मूळ मुद्दा. त्या दोन्ही कागदांवर फाइलचं नाव एकच होतं, 'फायनल'. आणि मध्यरेषेचं नाव? एकावर 'अलाइनमेंट - (१)', दुसऱ्यावर 'अलाइनमेंट - (२)'. ही नावं माणसानं दिलेलीच नाहीत. सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही नाव टाकलं नाही तर ते आपलं आपण नंबर लावून मोकळं होतं. जमिनीच्या पृष्ठभागाला 'सरफेस१', 'सरफेस२'. पावसाळ्याआधीचा सर्व्हे कुठला, नंतरचा कुठला, ते फक्त त्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसलेल्याला माहीत. तो नोकरी सोडून गेला की संपलं. तिथे 'फाटा-ते-स्टँड' आणि 'स्टँड-ते-फाटा' एवढं जरी टाइप केलेलं असतं, तरी त्या पोरानं फोन करून विचारलं असतं.

मित्र म्हणाला, गोष्ट इथेच थांबत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नसते. रस्त्याच्या आडव्या छेदातल्या प्रत्येक बिंदूला कोड असतो: डांबराची कड, साइडपट्टीची कड, असं. एका छेदातला आणि पुढच्या छेदातला सारख्या नावाचा बिंदू जोडून मशीन रेघ ओढतं. मध्येच कुणी कड वेगळ्या नावानं टाकली तर रेघ तिथे तुटते. खडी किती, डांबर किती, हे परिमाणसुद्धा कोड बघूनच निघतं. नाव चुकलं तर तेवढा तुकडा हिशोबातून गळू शकतो, आणि मशीन त्याबद्दल ओरडेलच असं नाही. जुन्या मॉस सॉफ्टवेअरमध्ये तर, ब्रिटनमधलं ते, रस्त्याच्या प्रत्येक रेघेला चारच अक्षरांचं नाव द्यायची मुभा होती. मुख्य रेघेचं नाव 'एम' पासूनच सुरू व्हायचं. जाच वाटायचा म्हणे, पण रेघ कसली आहे हे पहिल्या अक्षरावरून कळायचं.

आता तर त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १९६५०. पहिले दोन भाग २०१८ ला आले. ब्रिटनमध्ये त्याच्या जोडपत्राप्रमाणे फाइलच्या नावात प्रकल्प, कुणी बनवली, कामाचा कुठला भाग, कुठली जागा, कागदाचा प्रकार, शाखा आणि क्रमांक हे ठरलेल्या क्रमानं येतं. आवृत्ती वेगळी लिहितात. 'पी०१' म्हणजे प्राथमिक, 'सी०१' म्हणजे कराराची, बांधायला दिलेली. साइटवर 'पी'वाला कागद दिसला तर कुदळ उचलायची नाही. आपल्याकडे काय असतं? फायनल, फायनल २, फायनल रिवाइज्ड, फायनल साहेब करेक्शन. हसू नका, चौथं मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका अधिकाऱ्यांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, "अहो, नावं ठेवायला वेळ कुणाकडे आहे?" मला गंमत वाटली. नावं ठेवायला आपल्याकडे वेळच वेळ असतो. मीच ठेवली होती की तात्यांना! पण त्यांची अडचण खोटी नाही. डिझाइन शहरातल्या सल्लागाराकडे, सर्व्हे तिसऱ्याकडे, काम चौथ्याकडे, आणि एका शाखा अभियंत्याच्या गळ्यात ढीगभर कामं. प्रत्येकाची पद्धत वेगळी. म्हणूनच हे एखाद्याच्या शिस्तीवर सोडून चालणार नाही, टेंडरच्या अटीतच यायला पाहिजे. सल्लागाराचं बिल काढताना खात्यानं बघावं: मध्यरेषेच्या नावात सुरुवात-शेवट आहे का, सर्व्हेच्या नावात तारीख आहे का, रद्द झालेला कागद साइटवरून परत घेतल्याची नोंद आहे का. याला पैसे लागत नाहीत. ६५० मीटर गटार दुसऱ्यांदा बांधायला लागतात.

ज्यांना हा विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतो त्यांनी आपला सातबारा आठवावा. सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला, तेव्हा जुना-नवा नंबर जुळवताना किती जणांचे जोडे झिजले? हायवेचंही तेच. २०१० ला राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला, पुणे-बंगळूर ४ चा ४८, सोलापूर-धुळे २११ चा ५२. नवीन पद्धत खरं तर चांगली आहे: उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तरी आपण अजून 'एनएच फोर'च म्हणतो. नाव बदललं म्हणून चूक होत नाही. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कागदावर लिहिलेलं नसलं की होते.

तात्यांची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली, आज इथेही मागतो. त्या पोराचा नंबर मिळवलाय, पण तो फोन उचलत नाही. त्याच्याबद्दल ठेकेदारानं खात्याला लेखी काय कळवलंय ते मला बघायचं आहे, तसा अर्ज टाकलाय.

सोमवारी सकाळी ११ वाजता आम्ही काही जण उपविभागीय कार्यालयात निवेदन द्यायला जातोय. मागण्या दोनच. वस्तीचं गटार या पावसाळ्याआधी, आणि यापुढे प्रत्येक कामाच्या फलकावर शून्य कुठल्या टोकाला धरलाय आणि नकाशाची कुठली आवृत्ती चालू आहे ते लिहायचं. वस्तीतल्या लोकांनी पाण्याचे फोटो मला पाठवा. फक्त एक करा, पाठवताना घर कुणाचं आणि तारीख कुठली ते खाली लिहा. माझ्या फोनमध्ये आत्ता चाळीस फोटो आहेत, आणि त्यातलं कुठलं पाणी कुणाच्या घरातलं ते मलाच सांगता येत नाही.