दातदुखीची रात्र आणि बंद दवाखाना

दात बहुधा रात्रीच का ठणकतो, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दिलेले आहे. माणूस आडवा झाला की डोक्याकडील रक्ताचा दाब किंचित वाढतो. किडलेल्या दातातील सुजलेल्या गराला चोहोबाजूंनी कठीण भिंती असल्याने पसरण्यास जागा मिळत नाही आणि कळ मस्तकात जाते. दाताचा हा स्वभाव ठाऊक असूनही दंतोपचाराची आपली व्यवस्था मात्र सकाळी उघडते आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मिटते. वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावात मधली रात्र कशी निभावली जाते? लवंगेच्या तेलाने, मिश्रीने आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या गोळीने. लवंगेच्या तेलाने काही काळ उतार पडतो, हे खरे. परंतु मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दुखणे बरे करीत नाही, व्यसन मात्र लावते. काहीजण तर अ‍ॅस्पिरिनची गोळी न गिळता हिरडीशी दाबून धरतात आणि सकाळी दुखऱ्या दाताच्या जोडीला पोळलेली हिरडीही पदरात पडते.

हा केवळ अज्ञानाचा प्रश्न आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. वस्तुतः तो अर्थकारणाचाही प्रश्न आहे. 2011 च्या जनगणनेनुसार आष्ट्याची लोकसंख्या सुमारे 37 हजार होती. तेथून सांगली विसेक किलोमीटरवर. सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे आणि शहरालगत कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दुसरे. देशात अशा महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. तेव्हा दंतवैद्यांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू नये. उणीव आहे ती नेमक्या घटकेला उत्तरदायी असणाऱ्या माणसाची. बाजारपेठ दिवसाचे दवाखाने उघडते, कारण दिवसा गिऱ्हाईक ठरलेले असते. रात्री दोन वाजता येणाऱ्या एखाद्या रुग्णासाठी जागे राहणे एकट्या दंतवैद्याला परवडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

परंतु या न परवडण्याची किंमत कोणीतरी भरतेच, आणि ती भरणारा बहुधा सर्वांत गरीब असतो. गळीत हंगामात साखराळे, कारंदवाडी, वाळवा येथील कारखान्यांसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांची राहण्याची पाले फडाजवळ, मजुरी तोडलेल्या टनावर, आणि उचल आधीच घेऊन खर्च झालेली. दाताला भोक पडले त्या दिवशी ते भरून घेतले असते तर थोडक्यात भागले असते. पण त्यासाठी एक खाडा पडतो, म्हणून ते काम पुढे ढकलले जाते. पुढे नसेपर्यंत कीड पोहोचते, मग मुळाशी पू साठतो आणि अखेर खाड्यांचा आठवडा होतो. लहान खर्च टाळून मोठा खर्च विकत घेण्याचा हा व्यवहार तो मजूर हौसेने करीत नाही.

सर्वच दुखणी तातडीची नसतात, हेही सांगितले पाहिजे. ठणका असह्य असला तरी बहुतेक वेळा सकाळपर्यंत जीवाला धोका नसतो. मात्र जबड्याखाली सूज पसरू लागली, ताप चढला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना किंवा श्वास लागू लागला, तर तो दंतवैद्याची वाट पाहण्याचा प्रसंग नव्हेच. दाताचा पू गळ्यात उतरून श्वासमार्ग बंद करू शकतो. अशा वेळी 2014 पासून राज्यात असलेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मोठे रुग्णालय गाठावे. प्रतिजैविकांच्या गोळ्यांवर हा पू जिरत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.

दुसरा प्रसंग निखळलेल्या दाताचा. तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, मोटारसायकलच्या अपघातात लहान मुलाचा कायमचा दात मुळासकट निघून येतो आणि भोवतालची मंडळी तो गेलाच असे समजून फेकून देतात. तो वरच्या पांढऱ्या भागाने धरून, न घासता, क्षणभर पाण्याने धुऊन पुन्हा खोबणीत बसवावा; ते जमत नसेल तर दुधात ठेवून लगोलग दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात पोहोचला तर वाचण्याची आशा पुष्कळ. कोरडा राहून तास उलटला की फार थोडी. (दुधाचे दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत.) गल्लोगल्ली दूध संकलन केंद्रे असलेल्या या मुलखात दातासाठी वाटीभर दूध मिळू नये असे नाही; मिळत नाही ती माहिती. एकाही क्रीडाशिक्षकाने वा वस्तादाने हे ऐकले नसेल तर तो दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

शासन या बाबतीत अगदीच उदासीन आहे असे म्हणता येत नाही. केंद्राच्या 2012 च्या आरोग्य मानकांत ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या संस्थेत एक दंतशल्यचिकित्सक धरलेला आहे. 2014 नंतर राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आला. तथापि कागदावरचे पद म्हणजे रात्रीचा माणूस नव्हे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. परिणामी जबडा मोडला तर मदत मिळण्याची शक्यता असते. साधा दात भरायचा तर खिशात हात घालावा लागतो.

सरकारने सर्वांचे दात फुकट दुरुस्त करावेत, ही मागणी मोहक असली तरी तिच्या मागचा हिशेब अवघड आहे. ब्रिटनने जुलै 1948 मध्ये तो प्रयोग केला. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेले लोक कवळ्यांसाठी रांगा लावून उभे राहिले, अंदाजपत्रके कोलमडली आणि 1951 साली मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसविला. त्या निर्णयावरून अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. साठलेली गरज किती मोठी असते, हे त्या प्रकरणाने दाखविले.

आष्ट्याची गरज त्यामानाने फार माफक आहे. गावातील दंतवैद्यांनी आळीपाळीने एकेक रात्र वाटून घ्यावी. नगरपरिषदेने त्या रात्रीचे ठराविक मानधन द्यावे, मग रुग्ण येवो वा न येवो. आगीचा बंब आग न लागलेल्या दिवशीही पोसला जातोच. ज्याला शक्य आहे त्याने शुल्क द्यावे, टोळीतल्या मजुराचे कारखान्याने भरावे. दंत महाविद्यालयांनी शाळांतून व तालमींतून दाताची आणि दुधाची ती गोष्ट सांगण्यासाठी आपले विद्यार्थी पाठवावेत आणि अवघड रुग्णांसाठी रात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी ठेवावा. आज रात्री कोण जागा आहे, त्याचे नाव आणि क्रमांक एस. टी. स्थानकावरच्या फळ्यावर खडूने लिहिण्यास तर कोणत्याच अनुदानाची मंजुरी लागत नाही.