आला की आले?

आमची नात पहिलीत आहे. मागल्या पंधरवड्यात तिला शाळेतून एक तक्ता तयार करून आणावयास सांगितले होते. डॉक्टर, पोस्टमन, पोलीस, बंबवाला आणि सफाई कामगार अशी पाच चित्रे, वर हिंदीत मथळा ‘हमारे सहायक’, आणि प्रत्येक चित्राखाली आपल्या ओळखीच्या त्या माणसाचे नाव. डॉक्टरांचे नाव तिला पाठच होते. पोस्टमनचे मी सांगितले, हवालदारांचे तिच्या बापाने. बंबवाल्याशी ओळख नाही हे आमच्या घराचे सुदैव, तेव्हा ती जागा रिकामी सोडली. अडले ते पाचव्यापाशी. लष्करातील आमच्या गल्लीत महापालिकेची कचरागाडी रोज सकाळी भोंग्यावर गाणे वाजवीत येते, आणि तिच्याबरोबरचा माणूस गेली सहासात वर्षे तोच आहे. त्याचे नाव घरात एकालाही ठाऊक नव्हते. सूनबाई घाईत होती. म्हणाली, “लिही, कचरेवाला.”

मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

वाचकहो, आपापल्या घरात सकाळपासून काय कानी पडते ते एकदा लक्ष देऊन ऐकावे. डॉक्टर आले. वकीलसाहेब आले. दूधवाला आला, कचरेवाला आला. एका मात्रेचा फरक. पण बोलावयास शिकणारे पोर तो इतका अचूक उचलते की पुढे कोणत्याही तक्त्याने तो पुसला जात नाही. आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना तर दुहेरी सोय आहे. घरात मराठी, उंबऱ्यावर हिंदी. ‘आप’ कोणाला, ‘तुम’ कोणाला आणि ‘तू’ कोणाला, हे नातीला कोणी समोर बसवून शिकविले नाही. तरी तिला ते चोख येते.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या वाड्यांतून गडीमाणसांना मुले मामा, मावशी म्हणत. खरे आहे, मीही म्हटले आहे. पण त्याच वाड्यांच्या मागच्या बोळातून शौचकूप साफ करावयास जो माणूस येई, त्याला कोणी मामा म्हटल्याचे मला स्मरत नाही. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना त्या बोळाचा आपल्याला हटकून विसर पडतो. 1932 साली अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात, मला भंगीकाम करू द्या, एवढ्या मागणीसाठी अन्नत्याग आरंभिला आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली. कोकणस्थ घरातला माणूस झाडू मागतो, ही त्या काळी केवढी अघटित गोष्ट असेल! मानवी हातांनी मैला काढण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1993 साली झाला, आणि तो पुरला नाही म्हणून 2013 साली पुन्हा करावा लागला.

लहान मुलांपुरते बोलायचे, तर आपल्या मराठीत याचे उत्तर ताराबाई मोडकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भावनगर हेही आपल्यासारखेच संस्थान. तेथे गिजुभाई बधेकांनी 1920 साली बालमंदिर काढले. ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. या बालमंदिरांतून मूल झाडलोट करी, पाणी भरी, वाढपही करी. झाडणाऱ्याचे चित्र चिकटविण्याऐवजी ते स्वतः केरसुणी धरी. ज्याने एकदा खोली झाडली आहे, तो कागदाचा कपटा टाकताना क्षणभर थांबतो, एवढे साधे शास्त्र यात आहे. 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी निघाली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी त्यांचे काम चालले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरविली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे ही तेथे शिक्षिकेचीच कामे असत. बी.ए. झालेली बाई हे करते, हे ज्या मुलांनी पाहिले त्यांना श्रमप्रतिष्ठेचा धडा वेगळा द्यावा लागला नसेल.

पुढे 1975 साली सरकारने देशभर योजना काढली ती याच नावाने, अंगणवाडी. महाराष्ट्रात तेथे काम करणाऱ्या बायांची हुद्द्याची नावे आहेत सेविका आणि मदतनीस, आपल्या मध्य प्रदेशात कार्यकर्ता आणि सहायिका. त्यांना मिळते ते मानधन. पगार म्हणावयाचे नाही. म्हणूनच मला ‘सहायक’ या शब्दाचा थोडा धाक वाटतो. मदत म्हटली की ती उपकाराची होते, आणि उपकार करणाऱ्याला वेळेवर पैसे, हातमोजे, रजा लागते हे सोयीस्करपणे राहून जाते. मुलांना सांगायचे तर हेही सांगावे. पहिलीतल्या मुलाला ते कळते. खाऊचे पैसे वेळेवर न मिळाले तर काय वाटते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

आमच्या घराण्याच्या दोन पिढ्या दरबारच्या नोकरीत गेल्या. आम्ही रयत होतो. पाणी यायचे, दिवे लागायचे, ते सरकारकडून. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1956 साली मध्य प्रदेश झाला, आम्ही नागरिक झालो. पण कचरा दारात ठेवला की आपले काम संपले, ही रयतेची समजूत काही गेली नाही. ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करावा असे 2016 च्या नियमांनीच सांगितले होते. आमच्याकडे तो परवापर्यंत एकाच पिशवीत जात होता, आणि हाताने निवडीत होता तोच निनावी माणूस. नातीला मोतीझीलला नेऊन तिघऱ्याच्या धरणाचे पाणी गाळून, शुद्ध होऊन शहरात कसे येते ते दाखवावयाचे माझ्या मनात आहे. पण आधी ही पिशवी.

दुसऱ्या दिवशी गाडीचे गाणे ऐकताच आम्ही दोघे दाराशी गेलो. नातीने विचारले, “आपका नाम क्या है?” ‘आप’ ऐकून तो गृहस्थ जरा बावरला. मग नाव सांगितले; त्यांना न विचारता ते येथे छापणे बरे नव्हे. मी संकोचाने माझे नाव सांगू लागलो, तसे ते हसले. “आपका तो मालूम है बाबूजी, इतने साल से फाटक पर पढ़ रहे हैं।”

नातीने नाव लिहिले आणि पुढे ‘जी’ लावला. मग थोडा विचार करून तिने हवालदारांच्या नावापुढेही तो लावला.